मागच्या सीटवरचे घाडीमामा

दत्ताराम घाडी कुणाच्या गाडीत कधी पुढे बसले नाहीत. गिऱ्हाईक आपल्या शेजारचा दरवाजा उघडून "या ना, बसा" म्हणायचं आणि हे मागचा दरवाजा उघडून आत शिरायचे. चपला काढून हातात धरायच्या, अनवाणी पाय गाडीच्या तळाशी सपाट टेकवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "चला आता. घाई नको. आणि बोलू नका."

गिऱ्हाईक आरशातून मागे बघायचं. त्याला वाटायचं, हा माणूस झोपला.

मुलुंड पश्चिमेला, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गॅरेज. एका वेळी आठ गाड्या मावतील एवढं. मी तिथे काउंटरवर नऊ वर्षं काढली. आलेल्या माणसाची तक्रार ऐकायची, ती जॉबकार्डावर लिहायची, कार्ड आत पाठवायचं आणि संध्याकाळी गाडी तयार झाली की त्याला फोन करायचा, हे माझं काम. आत सगळ्यात जुने आणि सगळ्यात शेवटी ज्यांच्याकडे गाडी जायची ते घाडीमामा. नावावरून रोज एक घोटाळा व्हायचा. "ही गाडी घाडींकडे आहे," असं मी सांगितलं की लोक म्हणायचे, "गाडी गाडीकडे म्हणजे?" काही जण त्यांना सरळ 'गाडीमिस्त्री' म्हणायचे. त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. "बरोबरच हा ता," आपल्या मालवणीत म्हणायचे.

अंगाने बुटके आणि रुंद. केस पांढरेशुभ्र, भुवया मात्र कोळशासारख्या काळ्या. खिशाला पेन लावतात तसा ते टूथब्रश लावायचे. एकदा एका बाईंनी मला हळूच विचारलं, "यांना घरी जायला वेळ मिळत नाही का हो?" तो ब्रश दातांसाठी नव्हता, इंजिनातले बारीक भाग घासण्यासाठी होता. तो झिजला की नवा यायचा, आणि दर वेळी रंग हिरवाच.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं कार्ड परत आणून दिलं. मी लिहिलं होतं, 'गाडी नीट चालत नाही.'

"ह्या काय लिवलंस?"

"कस्टमर म्हणाला तेच लिहिलं."

"डॉक्टरकडे जाऊन 'माणूस नीट चालत नाही' असं सांगशील काय? कधी चालत नाही ते विचार. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर, की तापल्यावर? सिग्नलला उभी असताना, की चढावर? एसी लावल्यावर, की तसंच? कुठं दुखतं ते मी बघतंय. कधी दुखतं ते तू विचार."

मी ते प्रश्न कागदावर लिहून काउंटरच्या काचेखाली सरकवले. महिन्याभरात पाठ झाले. पुढे माझ्या मुलाच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा मी सवयीने विचारलं, "कधी दुखतं? उठल्या उठल्या, की डबा खाल्ल्यावर?" फक्त गणिताचा तास असेल त्या दिवशी दुखतं, हे त्याच वेळी बाहेर आलं. मी मामांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की हातातला पाना खाली ठेवावा लागला.

नवा पार्ट मागवायचा म्हटलं की ते बिथरायचे. आधी काढून बघ, मग धुऊन बघ, मग मोजून बघ, आणि तरीही नाही जमलं तर बदल, हा त्यांचा क्रम. आमची तरुण मंडळी गाडीला स्कॅनर जोडायची, पडद्यावर जो कोड येईल त्या नावाचा पार्ट मागवून मोकळी व्हायची. मामा म्हणायचे, "तो कोड म्हणजे गाडीची कळ आहे. 'पोटात दुखतंय' एवढंच ती बोलते. लगेच पोट बदलतास?"

त्यांचं खरं काम मी पाहिलं ते दिंडोशीला.

तिथल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलच्या सावंत मॅडम त्यांची शिकवायची गाडी आमच्याकडे घेऊन आल्या. तक्रार अशी की सकाळच्या पहिल्या बॅचला गाडी उभ्या-उभ्या थरथरते आणि सिग्नलला बंद पडते. त्याआधी दोन गॅरेजं झाली होती. प्लग बदलून झाले, हवेचा फिल्टर झाला, एकाने तर इंजिनाखालचे रबर बदलले. आमच्याकडे गाडी आली ती पार जोडरस्त्यावरून, पाऊण तास पळून. बॉनेट उघडून बघतो तर इंजिन देवघरातल्या समईसारखं शांत. मॅडम रडकुंडीला आल्या. "इथं आली की शहाण्यासारखी वागते. माझा वेळ गेला त्याचं काही नाही हो. पण सकाळच्या बॅचला एक नलिनीबाई आहेत, त्या सोडून जाणार."

नलिनीबाई चोपन्न वर्षांच्या. नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. घरची गाडी इमारतीखाली कव्हर घालून उभी, आणि चालवणारं माणूस नाही. म्हणून या वयात बाईंनी स्टिअरिंग हातात धरायचं ठरवलं. आणि पहिल्या दिवसापासून, एका ठरावीक सिग्नलला गाडी त्यांच्या पायाखाली मरायची. मागचे हॉर्न वाजवायचे, रिक्षावाले काच खाली करून बोलायचे. सावंत मॅडमनाही वाटायचं की बाई क्लच घाईने सोडतात. त्याच सकाळी नलिनीबाई म्हणाल्या होत्या, "उद्याचा दिवस बघते. नाही जमलं तर राहू द्या. माझ्या हातालाच यश नाही."

मामांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "रात्री गाडी खय उभी असते?"

"दिंडोशीला, कॉलनीच्या गेटसमोर."

"उद्या सकाळी कोणी हात लावू नका. मी येतंय तिकडे." मग माझ्याकडे वळून, "तू पण चल. तू विचार, मी बसतंय."

मला का नेत होते ते तेव्हा कळलं नाही. सकाळी साडेसहाला आम्ही तिथे पोचलो. नलिनीबाई पंजाबी ड्रेसवर पांढरे बूट घालून, परीक्षेला आल्यासारख्या उभ्या होत्या. त्या स्टिअरिंगवर, शेजारी सावंत मॅडम, मागे आम्ही दोघं. मामांनी चपला काढल्या आणि डोळे मिटले.

गाडी चालू झाली आणि लगेच हुडहुडी भरल्यासारखी थरथरायला लागली. माझे दात वाजले म्हटलं तरी चालेल. नलिनीबाईंनी गिअर टाकला, क्लच सोडला, गेटपर्यंत गेल्या. पुढे दूधवाल्याची सायकल आडवी आली म्हणून ब्रेक दाबला, आणि गाडी गचका देऊन मेली.

"बघितलंत?" बाई पुढे बघतच म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "रोज हे असंच."

मामांनी डोळे उघडले. "बाई, खाली उतरा. तुम्हाला एक गंमत दाखवतंय."

बॉनेट उघडून त्यांनी नलिनीबाईंना जवळ बोलावलं, आणि मॅडमना सोडून त्यांनाच समजावून सांगायला लागले. "माझे वडील गिरणीत होते. पहिली पाळी सुटून बाहेर आली की दुसरी पाळी आत जायची. आता समजा, पहिले लोक बाहेर पडायच्या आधीच दुसरे आत घुसले, तर गेटावर काय होईल?"

"चेंगराचेंगरी," नलिनीबाई म्हणाल्या.

"बरोबर. इंजिनाला पण दोन दरवाजे. एकातून ताजी हवा आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. जुन्या गाड्यांत दरवाजे उघडायची वेळ ठरलेली, ती बदलायची नाही. ह्या नव्या गाड्यांत ती मागे-पुढे होते. गाडी पळत असली की हवेचा दरवाजा लवकर उघडायचा. उभी असली की उशिरा. ही वेळ बदलतं कोण? तेल. ऑइलच्या जोरावर आत एक चाक फिरतं, ते ही वेळ मागे-पुढे करतं. आणि तेल किती सोडायचं ते ठरवतो हा." त्यांनी इंजिनाच्या कोपऱ्यात बोट लावलं. "हा व्हॉल्व्ह. आता हा अडकलेला असला, तर गाडी उभी असली तरी दरवाजा लवकरच उघडणार. धूर बाहेर पडायच्या आधी हवा आत. चेंगराचेंगरी. इंजिन गुदमरतं आणि मरतं."

"आणि तापल्यावर?" मी विचारलं.

"तापल्यावर तेल पातळ होतं, कचरा सैल होतो, हा परत सुटतो. म्हणून मुलुंडपर्यंत गाडी सुधारून येते."

त्यांनी गाडी परत चालू करायला लावली. ती थरथरत असतानाच व्हॉल्व्हची वायर उपटली. काही फरक पडला नाही. इंजिन तसंच हुडहुडत राहिलं. "बघा. वायर लावली काय, काढली काय, ह्याला पत्ताच नाही. हुकूम पोचतोय. ऐकणारा अडकलाय." इंजिन बंद करून त्यांनी एक बोल्ट काढला आणि करंगळीएवढा तो व्हॉल्व्ह बाहेर ओढला. त्याच्या बारीक जाळीत काळा, डिंकासारखा गाळ बसला होता. खिशातला हिरवा ब्रश निघाला, क्लीनरचा डबा निघाला, आणि कॉलनीच्या कट्ट्यावर बसून मामांनी पंधरा मिनिटं ते घासलं. मग बॅटरीच्या वायरी त्याला टेकवून दाखवल्या. टक्. परत टेकवल्या. टक्. "आता ऐकतो."

बसवून झाल्यावर नलिनीबाईंना स्टिअरिंगवर बसवलं. त्यांनी किल्ली फिरवली. मग थोडं थांबून परत फिरवली, आणि स्टार्टर कर्रकन ओरडला.

"अहो अहो!" सावंत मॅडम ओरडल्या. "चालू आहे गाडी!"

"चालू आहे?" नलिनीबाईंनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून उचलले. "मला वाटलं बंद पडली."

मामा खिडकीशी वाकले. "बाई, तुमचा क्लच पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक गाडीची होती. कोणी काय बोललं असेल ते सगळं तिच्या नावावर टाका."

नलिनीबाईंनी ओढणीने चष्मा पुसला, गिअर टाकला आणि दूधवाल्याला वळसा घालून सिग्नलकडे निघाल्या. पुढे दोन महिन्यांनी त्या स्वतः गाडी चालवत मुलुंडला आल्या. शेजारच्या सीटवर नवरा, पट्टा लावून. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. नुसतं दाखवायला आल्या होत्या.

त्या सकाळी परत येताना बसमध्ये मी मामांना म्हटलं, "एवढासा व्हॉल्व्ह आणि तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळलं!"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग म्हणाले, "आवाज ऐकाक कोणाक येता?"

मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "हो कान गेलो, त्याक बारा वर्षां झाली. उजवो पण अर्धोच. पायांनी कळता माका. थरथर पायांनी कळता." मग साध्या मराठीत, "मिस्त्रीला ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण गाडी देईल? कोणाला सांगू नको हां, शिल्पा."

मग एकेक गोष्ट जुळत गेली. मागची सीट, अनवाणी पाय, माझ्याकडून लिहून घेतलेले ते सगळे प्रश्न. गिऱ्हाईक बोलताना ते कायम त्याच्या ओठांकडे बघत उभे असायचे. लोक म्हणायचे, घाडींचा कान तयार आहे. मी कुणाला काही बोलले नाही.

त्यानंतर वर्षभराने माझी पाळी आली.

मामा मुलीच्या लग्नासाठी पंधरा दिवस गावी गेले होते. त्या दिवसांत कुलकर्णी नावाच्या एका निवृत्त गृहस्थांची गाडी सर्व्हिसिंग होऊन गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. सकाळी गाडी थरथरते, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मुलांनी स्कॅनर लावला. कोड आला तो त्याच दरवाज्यांच्या वेळेचा, टायमिंगचा. त्यांनी व्हॉल्व्ह काढून बघितला, तो स्वच्छ होता. मग आतलं चाकच गेलं असणार, इंजिन उघडावं लागेल, असं मालकांनी कुलकर्णींना सांगितलं. कुलकर्णी काउंटरसमोरच्या खुर्चीत बराच वेळ बसून राहिले. "चार दिवसांपूर्वी तर छान होती हो," एवढंच ते परत परत म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले. गाडी चालू करायच्या आधी त्यांनी ऑइलची पट्टी बाहेर ओढली, दोन बोटांत तेल घेऊन चोळलं आणि नाकाशी नेलं. मग मागच्या सर्व्हिसिंगचं कार्ड शोधून माझ्यासमोर ठेवलं.

"अक्षर तुझा?"

माझंच होतं. त्या गाडीला पातळ ऑइल लागतं. मी कार्डावर जाड लिहिलं होतं. शेजारच्या गाडीचं ऑइल या कार्डावर आणि हिचं तिच्या कार्डावर. आतल्या मुलांनी कार्ड बघून तेच भरलं. मधासारखं जड तेल त्या बारीक वाटांमधून सकाळच्या थंडीत सरकेना, म्हणून चाक वेळेवर फिरेना. चाकात काही दोष नव्हता. दोष माझ्या हाताचा होता, आणि त्यापायी एका माणसाचं धडधाकट इंजिन उघडलं जाणार होतं.

"मामा, गुपचूप ऑइल बदलून टाका ना," मी म्हटलं. "त्यांना कशाला कळायला हवं? गाडी बरी झाली की झालं."

"बदलतंय तर. पण आधी तू सांग."

"मालक मला ठेवणार नाहीत."

"तू सांगितलंस तर ती चूक. मी सांगितलं तर तो गुन्हा." मग कार्ड माझ्या हातात देत, "जा. मी हय उभो आसंय."

मी केबिनमध्ये गेले. कुलकर्णीही तिथेच बसले होते, संमतीच्या कागदावर सही करायला. मी दोघांसमोर सांगितलं. मालक लाल झाले, माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिले. कुलकर्णींनी सहीचं पेन टोपणात घातलं आणि विचारलं, "म्हणजे इंजिन चांगलं आहे?"

"चांगलं आहे," दारातून मामांचा आवाज आला. "खराब नाही ते मी उघडणार नाही."

संध्याकाळपर्यंत जुनं ऑइल काढून, आतून धुऊन, योग्य ते भरलं. त्या शेजारच्या गाडीच्या मालकालाही मी फोन करून बोलावलं आणि तिचंही बदललं. सकाळपर्यंत गाडी थंड होऊ दिली आणि मगच चालू केली. दिवा लागला नाही, थरथर नाही. कुलकर्णी जाताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी पण कार्ड तुम्हीच लिहा. आता तुम्ही दोनदा तपासाल." मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा मागवला तेव्हा माझ्यासाठी पण मागवला.

आणि त्याच तिसऱ्या दिवशी दुपारी मामा हात धुऊन, शर्टाची सगळी बटणं लावून मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार अर्धं उघडं होतं. मला ऐकू येत होतं.

"मालक, ती पोरगी एवढी हिंमत करते, मी म्हातारा किती दिवस लपवू? माझो डावो कान गेलोहा. उजवो पण जायत चललोहा. तुम्हाला वाटत असेल तर..."

मालक खुर्चीतून उठले. "मामा," ते म्हणाले, पण म्हणाले म्हणजे ओरडले, "आम्हाला माहीत आहे! चार वर्षं आम्ही सगळे तुमच्याशी ओरडून बोलतोय! तुम्हाला काय वाटलं, आमचा आवाजच असा आहे?"

बाहेर सगळी मुलं हातातलं काम सोडून हसायला लागली. मामा केबिनमधून आले तेव्हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. "मेल्यांनो," एवढंच म्हणाले आणि थेट एका गाडीखाली शिरले. तासभर बाहेर आले नाहीत.

मग धाकट्या मुलीने, ती एका दवाखान्यात परिचारिका होती, त्यांच्या कानाला यंत्र बसवून आणलं. पहिल्या दिवशी ते लावून गॅरेजमध्ये शिरले आणि दारातच थबकले. कॉम्प्रेसर, हातोडे, ग्राइंडर, रेडिओ. "एवढो गोंगाट?" ते म्हणाले. "अरे, ह्यात तुम्ही काम कसे करतास?" यंत्र काढून त्यांनी खिशात ब्रशाशेजारी ठेवलं. घरी जाताना मात्र आठवणीने लावायचे. "बायको म्हणते, आता मला घरात हळू बोलावं लागतं," अशी त्यांची तक्रार असायची, पण ती सांगताना चेहरा खुशीचा असायचा.

ते निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या जागी जो फोरमन आहे तो चांगला आहे, पुढे बसतो, स्कॅनर मांडीवर घेतो. मधे एकदा मी कांजूरला मामांच्या घरी जाऊन आले होते. घरात तेव्हा कुणी नव्हतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं की दोघं नवरा-बायको हल्ली रविवारी कुठे ना कुठे भटकतात. आयुष्यभर मुंबईत राहून मुंबई बघितली नव्हती म्हणे.

गेल्या मार्चमध्ये मी नणंदेबरोबर वर्सोव्याला सुके बोंबील घ्यायला गेले होते. खाडीपलीकडे मढला जाणारी फेरीबोट नुकतीच धक्क्यावरून सुटली होती. भर दुपारचं ऊन. बोटीत पाच-पंचवीस माणसं, दोन स्कूटर, आणि कडेला उभे असलेले मामा. स्वच्छ पांढरा शर्ट. शेजारच्या फळीवर त्यांची बायको बसली होती, मांडीवर पिशवी, तोंडाने काहीतरी सांगणं चालू. मामांनी छत्री धरली होती. ती सगळीच्या सगळी बायकोच्या डोक्यावर होती आणि स्वतः डोळे बारीक करून उन्हात उभे होते.

मी हाक मारायला हात वर केला आणि खाली घेतला. त्यांचं चांगलं चाललं होतं.

खाडीच्या मध्यावर बोट प्रवाहाला धरून तिरकी वळली. ऊन दुसऱ्या बाजूने आलं. मामांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली, थोडी कलती केली, वाकून बायकोच्या चेहऱ्यावर सावली नीट पडते का ते बघितलं, आणि परत सरळ उभे राहिले.